तवा, कुकर आणि मायक्रोवेव्ह: हुबळी-धारवाडच्या स्वयंपाकघरातला हिशेब

धारवाडचा पेढा मायक्रोवेव्हमध्ये होत नाही. होतो तो दुसराच पेढा. दूध पावडर, कंडेन्स्ड मिल्क आणि चमचाभर लोणी काचेच्या भांड्यात कालवायचं, मिनिटा-मिनिटाने ढवळत चार-पाच मिनिटं फिरवायचं आणि कोमट झालं की वळायचं. पाहुणे दारात असताना असे पेढे घरोघरी होतात, मुलं आवडीने खातात, नैवेद्यालाही चालतात. पण धारवाडच्या लाइन बाजारातल्या पेढ्याशी त्यांचं नातं नावापुरतंच.

एवढ्यावरून कुणी मायक्रोवेव्हला नापास केलं तर तो निकाल घाईचा ठरेल. याच धारवाडात निवृत्त शिक्षकांची, प्राध्यापकांची, बँकेतल्या लोकांची कितीतरी घरं आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला नाहीतर परदेशी, घरात दोघंच. सकाळची वाटीभर आमटी संध्याकाळी कढत करायला गॅस पेटवायचा, पातेलं काढायचं, तळाला लागू नये म्हणून उभं राहायचं आणि मग ते पातेलं घासायचं, हा खटाटोप त्या घरात रोजचा आहे. तिथे हेच यंत्र वरदान ठरतं.

म्हणजे ‘वेग की चव’ हा प्रश्न असा मोघम विचारला की उत्तरही मोघमच मिळतं. पदार्थ कोणता, किती माणसांचा आणि वेळ कुणाचा वाचतो, असे तीन प्रश्न वेगळे केले तर मायक्रोवेव्हची जागा बरीच स्पष्ट होते. हुबळी-धारवाड हे त्यासाठी चांगलं गाव आहे. इथल्या मराठी घरांत भाकरी आणि रोट्टी एकाच तव्यावर होतात, भरली वांगी आणि एण्णेगायी यांच्यात फरक असला तर मसाल्यापुरता, आणि सगळ्या जेवणाची भिस्त भाजण्यावर.

रडारपासून ओट्यापर्यंत

मायक्रोवेव्हचं मूळ युद्धात आहे. 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी नवा मॅग्नेट्रॉन तयार केला. 1945 मध्ये अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत अशाच मॅग्नेट्रॉनजवळ काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली मिठाईची वडी वितळली, आणि त्यांनी मक्याचे दाणे आणून फोडून पाहिले. 1947 चं पहिलं विक्रीयोग्य यंत्र माणसाएवढं उंच आणि सुमारे 340 किलो वजनाचं होतं. ओट्यावर मावणारं घरगुती यंत्र 1967 मध्ये आलं. आपल्याकडे ते मध्यमवर्गीय घरांत शिरलं 1990 नंतर. कंपन्यांनी प्रात्यक्षिकांचे वर्ग घेतले, पाककृतींची पुस्तकं काढली आणि पुरणापासून ढोकळ्यापर्यंत सगळं यात होतं असं सांगितलं. त्या आश्वासनाला भुलून घेतलेली कितीतरी यंत्रं आज दूध आणि चहा गरम करण्यापलीकडे जात नाहीत.

त्याचं कारण यंत्राच्या कामाच्या पद्धतीतच आहे. त्यातल्या लहरींची सेकंदाला 245 कोटी आंदोलनं होतात. पाण्याचे रेणू त्यांच्या मागे फिरू पाहतात आणि त्या घुसळणीतून उष्णता तयार होते. लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर शिरतात, पुढचा भाग नेहमीसारखा बाहेरून आत तापत जातो. म्हणजे आधी तापतं ते अन्नातलं पाणी. भांडं आणि भोवतालची हवा जवळजवळ थंडच राहतात. आणि पाणी आहे तोवर पदार्थ शंभर अंशांच्या फारसा पुढे जात नाही.

शंभर अंशांच्या पलीकडचं अन्न

उत्तर कर्नाटकाच्या ताटातलं बहुतेक सगळं खमंग अन्न या शंभर अंशांच्या पलीकडे तयार होतं. पदार्थ वरून कोरडा पडतो, पृष्ठभाग 140 अंशांच्या वर जातो आणि प्रथिनं व साखर यांच्या संयोगातून तांबूस रंग आणि शेकडो वासद्रव्यं निर्माण होतात. 1912 मध्ये लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

धारवाडी पेढा हा या क्रियेचा उत्तम नमुना. एकोणिसाव्या शतकात आजच्या उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो इथे रुजवला. पुढे 1933 पासून मिश्रा या दुसऱ्या पेढेवाल्यांचं नाव त्यात आलं, आणि आज या पेढ्याला भौगोलिक मानांकन आहे. दूध लागतं म्हशीचं. धारवाडी म्हैस ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे आणि ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली ती इथल्या गवळी लोकांनी. पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा पडतो. खव्यापर्यंतचं काम कुठल्याही हलवायाचं. धारवाडचं वेगळेपण त्यापुढे सुरू होतं. खवा साखर घालून पुन्हा कढईत परततात. ओल उडते तसा तो जड होत जातो, कढईच्या तळाला धरू लागतो. तो थर जळण्याआधी खुरचून पुन्हा गोळ्यात मिसळायचा, पुन्हा धरू द्यायचा, पुन्हा खुरचायचा. रंग आधी बदामी, मग विटकरी होतो. दुधातली साखर आणि दुधातलीच प्रथिनं तळाच्या त्या पातळ थरात भाजली जातात आणि खुरचण्याने ती चव सगळ्या गोळ्यात पसरते. मग वळून पिठीसाखरेत घोळवायचं.

मायक्रोवेव्हच्या पेटीत हा तापलेला तळच नसतो. खव्यातली ओल कमी झाली की लहरी जिथे दाटतात तिथे तो एकाएकी करपतो आणि बाजूचा भाग पांढराच राहतो. मोठ्या कारखान्यांनाही वेग हवा असतोच. त्यांनी वाफेवर तापणाऱ्या, आपोआप खुरचणाऱ्या यांत्रिक कढया घेतल्या. कढईचं तत्त्व त्यांनीही सोडलं नाही.

भाकरीचीही तीच कथा. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवतात. त्याने थोडा स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. थापलेली भाकरी दोनशे अंशांवरच्या तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, उलटून झाली की ती थेट जाळावर जाते. खालचा आणि वरचा पापुद्रा आधीच घट्ट झालेला असल्यामुळे मधली वाफ अडकते आणि भाकरी फुगते. मायक्रोवेव्हमध्ये आतली वाफ बाहेर पडते, पापुद्रा धरत नाही, डाग पडत नाहीत. शिळी भाकरी त्यात गरम केली तर पहिलं मिनिटभर मऊ लागते आणि गार होता होता चिवट होते. उपाय सोपा आहे. ओलसर फडक्यात गुंडाळून वीस-पंचवीस सेकंदच ठेवावी आणि लगेच खावी. नाहीतर सरळ तव्यावर टाकावी.

तळणाचं तर नावच नको. चुरमुऱ्यांच्या गिरमिटाबरोबरची मिरची भजी पुन्हा गरम केली की आतली वाफ आवरणात उतरते आणि कुरकुरीत भजी ओली लादी होते. फोडणीला तेल चांगलं तापावं लागतं, मोहरी तडतडावी लागते. तेल या लहरी फारशा शोषत नाही, त्यामुळे पळीत अर्ध्या मिनिटात होणारी फोडणी तिथे तीन मिनिटं घेते आणि तरी मुकी राहते. वांगं सहा-सात मिनिटांत शिजतं खरं, पण भरीत त्यातल्या धुरासकट करायचं असेल तर जाळ हवाच.

उलट बाजूही आहे. शेंगदाणे, पापड, मक्याच्या लाह्या यांत पाणी कमी असतं. ती ओल पटकन उडते आणि पदार्थ शंभरच्या पुढे जातो. शेंगा चटणीसाठी वाटी-दोन वाट्या दाणे मायक्रोवेव्हमध्ये भाजून पाहावेत. एका थरात पसरायचे, दर मिनिटाला हलवायचे, चौथ्या मिनिटानंतर डोळा ठेवायचा. कढईत दाण्याला बाहेरून डाग पडतात आणि आत तो कच्चा राहतो, तसं इथे होत नाही. बटाटे, रताळी, मक्याचं कणीस, दुधी, फ्लॉवर हेही झकास होतात. या भाज्यांना स्वतःचं पाणी पुरतं.

एका कपाचा वेग आणि चार कपांचा

आता वेग. आठशे वॉटचं यंत्र एक कप पाणी दोनेक मिनिटांत उकळतं. मोठ्या शेगडीवर तेवढंच पाणी अडीच-तीन मिनिटं घेईल. पण चार कप ठेवले तर मायक्रोवेव्हला सात-आठ मिनिटं लागतात आणि गॅसवर पाचएक मिनिटांत काम होतं. यंत्राची ताकद ठरलेली आहे. माल वाढला की वेळ त्याच पटीत वाढतो. गॅसच्या मोठ्या शेगडीला एका कपाचं भांडं लहान पडतं आणि ज्योत बाजूने वाया जाते, चार लिटरच्या पातेल्याखाली तीच ज्योत पुरेपूर कामाला येते.

म्हणून एकट्याच्या ताटाला मायक्रोवेव्ह झटपट, आठ माणसांच्या पंगतीला मंद. भाताचंही असंच. मायक्रोवेव्हमध्ये तांदूळ शिजायला जवळजवळ गॅसइतकाच वेळ लागतो, कारण दाण्यात पाणी मुरायला जो वेळ हवा तो लहरींनी कमी होत नाही. डाळीचं तर त्याहून कठीण.

शिवाय आपल्याकडे वेगाची लढाई प्रेशर कुकरने आधीच जिंकली होती. कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी सुमारे 120 अंशांना उकळतं, त्यामुळे तुरीची डाळ, काबुली चणे, मटण यांचा वेळ तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. एकाच कुकरच्या तीन डब्यांत वरण, भात आणि बटाटे होतात. सुरुवातीला कुकरच्या वरणालाही चव नाही म्हणणारी माणसं होती. पुढे त्याच घरांत ‘कुकर लावला का?’ हा स्वयंपाकाला सुरुवात झाली का, असा प्रश्न होऊन बसला. पाश्चात्त्य घरांत मायक्रोवेव्हने जी पोकळी भरली ती आपल्या घरात शिल्लकच नव्हती.

हुबळी-धारवाडकडे तर वेगाची याहून जुनी तजवीज आहे. कडक रोट्टी. पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळवलेली ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. सोबत शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, दही आणि कांदा. गरम करण्याचा प्रश्नच नाही. हे जेवण वाढायला एक मिनिट पुरतं आणि ते फ्रिजवरही अवलंबून नाही. बचत गटांतल्या आणि घरगुती उद्योगातल्या बायका या रोट्ट्यांच्या चळती करून विकतात, आणि नोकरीच्या गावी परतणारी मुलं पिशवीत भरून नेतात. शिजवण्याचा वेळ इथे कमी झालेला नाही. तो आधीच कुणीतरी देऊन ठेवलेला असतो. खानावळीतही तेच. आत एक बाई सलग रोट्ट्या थापत असते आणि ताटावर बसलेल्याला एण्णेगायी, काळु पल्या म्हणजे कडधान्याची भाजी आणि गरम रोट्टी बसल्याबरोबर मिळते.

प्रमाण आणखी वाढलं की काय करतात, तेही याच गावात पाहायला मिळतं. हुबळी-धारवाड रस्त्यावर रायापूरला अक्षय पात्र संस्थेचं प्रचंड स्वयंपाकघर आहे. शाळांतल्या लाखाहून अधिक मुलांचं दुपारचं जेवण तिथून जातं. तिथली भिस्त वाफेवर आहे. बॉयलरची वाफ मोठ्या पोलादी कढयांना पुरवली जाते, सांबाराची एकेक कढई हजार लिटरांच्या पुढची. एवढ्या मालाला मायक्रोवेव्ह परवडणार नाही आणि पुरणारही नाही. उद्योगांतही मायक्रोवेव्ह वापरतात तो मुख्यतः गोठलेला माल सैल करायला आणि वाळवायला.

सत्त्व जातं का?

मायक्रोवेव्हने अन्नातलं सत्त्व मरतं, ही धास्ती घराघरांत आहे. तिला आधार म्हणून एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. 2003 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांना ब्रोकोली मायक्रोवेव्हमध्ये शिजवल्यावर तिच्यातली फ्लॅव्होनॉइड द्रव्यं 97 टक्के घटलेली आढळली. पण त्यांनी ती पाण्यात घालून शिजवली होती. सत्त्व पाण्यात उतरलं आणि पाणी ओतून दिलं, की गॅसवरही नुकसान होतंच. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं वाचवायची तर पाणी कमी आणि वेळ कमी, एवढाच नियम आहे. झाकण ठेवून, दोन चमचे पाण्यात मायक्रोवेव्ह केलेली भाजी या कसोटीला चांगली उतरते. आपली पालेभाजीही आपण पाणी निथळून टाकत नाही तोवर ठीकच असते.

उलट बाजूचा पुरावाही लपवू नये. 1998 मध्ये जपानी संशोधकांना दूध आणि कच्चं मांस मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यावर ब 12 जीवनसत्त्व 30 ते 40 टक्के घटलेलं दिसलं. गॅसवर दूध बराच वेळ उकळत ठेवलं तरी हे जीवनसत्त्व घटतंच. शाकाहारी घरात ब 12 मुख्यतः दुधातूनच येतं, म्हणून दूध कशावरही असो, वारंवार उकळू नये हे बरं.

किरणांची भीती मात्र निराधार आहे. या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणू फोडणाऱ्या नाहीत, आणि यंत्र बंद झालं की त्या संपतात. अन्नात काही उरत नाही. अमेरिकेत गळतीची मर्यादा यंत्रापासून 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉट अशी आहे. दार वाकडं झालं असेल, रबर फाटलं असेल तर मात्र ते यंत्र वापरू नये.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. पहिला प्लास्टिकचा. 2023 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांना बाळाच्या खाण्याचे काही प्लास्टिक डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्ह केल्यावर दर चौरस सेंटिमीटरमधून 40 लाखांवर सूक्ष्म प्लास्टिक कण सुटलेले आढळले. हॉटेलातून आलेली काळी डबी तशीच आत सरकवण्याची सवय म्हणून मोडायला हवी. काच किंवा चिनी मातीचंच भांडं. दुसरा धोका अर्धवट तापण्याचा. लहरी पेटीत काही जागी दाटतात, काही जागी विरतात, म्हणून आमटीला कडेला बुडबुडे येतात आणि मध्ये ती गारच असते. शिळं अन्न सगळीकडे 74 अंशांपर्यंत तापावं असा अमेरिकी कृषी खात्याचा दंडक आहे. त्यासाठी मध्ये एकदा ढवळावं, झाकावं आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं तसंच ठेवावं. आणि रात्रभर ओट्यावर राहिलेला भात कितीही कढत केला तरी सुरक्षित होत नाही, कारण त्यात वाढलेल्या जिवाणूंचं विष उष्णतेने जात नाही.

बिलाची बाजू

आठशे वॉटचं यंत्र भिंतीतून बाराशे वॉटच्या आसपास वीज ओढतं. एक तृतीयांश ऊर्जा यंत्रातच जाते. रोज पंधरा मिनिटं वापरलं तर महिन्याला सुमारे नऊ युनिट. गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानकात 68 टक्के कार्यक्षमता धरली आहे, पण ती प्रयोगशाळेतली. लहान भांड्याखाली ती बरीच उतरते. त्यामुळे वाटीभर आमटीला मायक्रोवेव्ह स्वस्त आणि कुकरभर डाळीला गॅस स्वस्त, हे वेगाच्याच गणिताचं दुसरं रूप.

हुबळीत या हिशेबाला एक स्थानिक पैलू आहे. 2023 पासून कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली घरगुती वीज 200 युनिटांपर्यंत मोफत आहे, पण प्रत्येक घराचा हक्क त्याच्या 2022-23 मधल्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरला आहे, आणि 200 ओलांडले की पूर्ण बिल येतं. नव्याने मायक्रोवेव्ह घेणाऱ्याने हेस्कॉम या वीजकंपनीच्या आपल्या बिलावरची ती मर्यादा आधी पाहावी. नऊ युनिटांनी फरक पडणार नाही. पण गरम हवेवर भाजणारं कन्व्हेक्शन यंत्र घेऊन आठवड्याला चार-पाच वेळा केक नि टिक्के भाजायला लागलं की आकडा वेगाने चढतो.

वेळ कुणाचा?

चवीची बाजू घेणाऱ्यांत ओट्याशी न उभी राहणारी माणसं पुष्कळ असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 आहेत. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाचा हातभार नऊ मिनिटांनी घटला.

यंत्र या आकड्यांना फारसं हलवत नाही, कारण स्वयंपाकातला वेळ ज्योतीवर थोडा आणि निवडणं, चिरणं, वाटणं, थापणं, वाढणं, घासणं यांवर जास्त जातो. मायक्रोवेव्हमुळे एक गोष्ट मात्र खरोखर बदलते. गरम करण्यासाठी घरातल्या बाईला हाक मारावी लागत नाही. कॉलेजातून अवेळी येणारी मुलगी, रेल्वेतून रात्रपाळी संपवून आलेला मुलगा, गॅसजवळ जायला घाबरणारे आजोबा, कुणीही काचेच्या वाडग्यात वाढून घेऊन बटण दाबू शकतं. गॅस चालू राहिल्याची भीती नाही, कारण वेळ संपला की यंत्र आपोआप थांबतं. चव आणि वेग यांच्या वादात हा मुद्दा क्वचितच येतो, आणि माझ्या मते यंत्राच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

तेव्हा निकाल असा. नव्याने काही रांधायचं तर तवा, कढई आणि कुकर या तिघांपुढे मायक्रोवेव्ह चौथ्या क्रमांकाचं साधन आहे. रांधलेलं परत कढत करायला, थोड्या भाज्या वाफवायला आणि दाणे-पापड भाजायला ते पहिल्या क्रमांकाचं. दोन-तीन माणसांचं, वेगवेगळ्या वेळी जेवणारं घर असेल तर वीस लिटरचं साधं सोलो यंत्र घ्यावं, दोन काचेचे झाकणाचे वाडगे घ्यावेत आणि घरातल्या प्रत्येकाला ते वापरायला शिकवावं. एकत्र जेवणारं मोठं घर असेल तर तेच पैसे मोठ्या कुकरला आणि चांगल्या जाड तव्याला घालावेत. भाकरी-पेढ्याच्या आशेने महागडं कन्व्हेक्शन मात्र कुणीच घेऊ नये. भाकरी तव्यावर करावी, जमत नसेल तर बचत गटाची रोट्टी घ्यावी. आणि पेढे लाइन बाजारातूनच आणावेत.